जिमी कार्टरची भाषणं ऐकायची कशी आणि त्यांच्या कामाशी ताडून बघायची कशी

जिमी कार्टर म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, एक म्हणजे शेंगदाण्याची शेती करणारा राष्ट्राध्यक्ष आणि दुसरं म्हणजे इराणमधले ओलीस आणि मग रेगनकडून झालेला दणदणीत पराभव. भाषणांचा विषय निघाला तर त्यांचं नावच येत नाही, लिंकन, केनेडी, ओबामा इथे यादी संपते. आणि खरंच, वक्ते म्हणून ते साधेच होते, आवाज मऊ, जॉर्जियाचा हेल, वाक्याचा शेवट गिळायची सवय, जिथे थांबलं तर टाळ्या पडतील तिथे हे पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे. तरीही माझं ठाम मत आहे की अभ्यास करायचा तर याच माणसाच्या भाषणांचा करावा. कारण सोपं आहे. २० जानेवारी १९८१ ला पद सुटलं आणि २९ डिसेंबर २०२४ ला वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले, म्हणजे बोललेलं करून दाखवायला जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं मिळाली, एवढा काळ अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही माजी अध्यक्षाला मिळालेला नाही. त्यामुळे प्रत्येक मोठ्या वाक्यापुढे आपण विचारू शकतो की बरं, मग पुढे काय केलं, आणि बहुतेक वेळा उत्तर सापडतं, कधी चांगलं, कधी अजिबात चांगलं नाही.

वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणारी मुलं, स्पर्धा परीक्षावाले आणि ज्यांना नुसतीच आवड आहे असे सगळेच हे करू शकतात, इंग्रजी फार भारी लागत नाही कारण कार्टर सोपं बोलायचे.

आधी सामान जमवा

सगळं फुकट मिळतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसचा ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’ आहे, तिथे अध्यक्ष असतानाचं जवळपास सगळं बोलणं तारखेनुसार लावलेलं आहे, अगदी विमानतळावर दोन मिनिटं बोलले तेसुद्धा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरच्या साइटवर महत्त्वाच्या भाषणांचे ऑडिओ-व्हिडिओ आहेत. आणि अटलांटातल्या कार्टर लायब्ररीच्या साइटवर एक फार कामाची गोष्ट आहे जी बरेच जण उघडतच नाहीत, ती म्हणजे अध्यक्षांची रोजची डायरी, सकाळी किती वाजता उठवलं, कोणाचा फोन आला, कोणाबरोबर जेवले, सगळं वेळेसकट. भाषणाच्या आधीचे आठ दिवस या डायरीत बघितले की ते भाषण कुठल्या दडपणाखाली तयार झालं हे न सांगता कळतं.

एक वही घ्या, पान आडवं धरून चार रकाने पाडा. पहिल्यात तारीख आणि जागा, दुसऱ्यात काय म्हणाले ते तुमच्या मराठीत एका वाक्यात, तिसऱ्यात त्या आठवड्यात काय चाललं होतं, चौथ्यात पुढे काय झालं. चौथा रकाना मोठा ठेवा, खरी मजा तिथेच आहे. दुसरा रकाना मात्र स्वतःच्याच शब्दांत भरा हं, कॉपी-पेस्ट करू नका, कारण मराठीत सांगायला बसलो की कुठलं वाक्य नुसतंच गोड आहे आणि कुठल्या वाक्यात खरंच काही दम आहे ते लगेच उघडं पडतं.

ऐकायची पद्धत म्हणाल तर आधी एकदा मजकूर समोर न ठेवता ऐका, मग मजकूर समोर घेऊन. जॉर्जियाचा हेल कानात बसायला पहिली पाच-दहा मिनिटं जातात. स्पीड वाढवून ऐकू नका, त्यांच्या बोलण्यातला संथपणा हाही अभ्यासाचाच भाग आहे. आणि काही ठिकाणी पत्रकारांना आधी वाटलेला लिखित मजकूर असतो आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष बोललेला, दोन्हीत थोडाफार फरक पडतो, त्यामुळे वाक्य उद्धृत करायचं असेल तर रेकॉर्डिंगशी जुळवून घ्या.

सुरुवात निरोपाच्या भाषणापासून

सगळे शपथविधीपासून सुरू करतात, तुम्ही १४ जानेवारी १९८१ चं निरोपाचं भाषण आधी घ्या. निवडणूक हरलेली, बावन्न अमेरिकन ओलीस अजून इराणच्या राजधानीत, तेहरानमध्ये अडकलेले, पद सोडायला सहा दिवस, आणि हा माणूस सुरुवातीलाच म्हणतो की आता मी या पदाची जबाबदारी खाली ठेवून आपल्या लोकशाहीत अध्यक्षपदापेक्षाही मोठी असलेली एकमेव पदवी परत घेणार आहे, नागरिक ही पदवी. हे वाक्य दुसऱ्या रकान्यात लिहा आणि चौथा रकाना सध्या रिकामा सोडा, तो भरायला या अभ्यासाचा अर्धा वेळ जाणार आहे.

या भाषणात त्यांनी तीनच विषय घेतले: अण्वस्त्रांचा धोका, पृथ्वीवरच्या साधनांची काळजी आणि मानवी हक्क. हक्कांबद्दल बोलताना ते म्हणाले की अमेरिकेने मानवी हक्क शोधून काढले नाहीत, खरं तर उलटं आहे, मानवी हक्कांनी अमेरिका घडवली. आता हे तीन विषय म्हणजे तुमचे तीन धागे समजा आणि मागे-पुढे दोन्ही बाजूंना जात राहा. ज्या भाषणात यातला एकही धागा नाही ते पहिल्या फेरीत बाजूला ठेवलं तरी चालेल, नाहीतर चार वर्षांचं बोलणं एवढं आहे की माणूस त्यातच हरवतो.

१५ जुलै १९७९: जे भाषण चुकीच्या नावाने ओळखलं जातं

याला अजूनही लोक ‘मलेझ स्पीच’ म्हणतात, मलेझ म्हणजे मरगळ, पण पूर्ण भाषण वाचा, तो शब्द त्यात एकदाही नाही. म्हणून मी सांगते की भाषणाबद्दल वाचण्याआधी भाषण वाचा, इतरांनी काय लिहिलंय ते नंतर.

तिसरा रकाना इथे गच्च भरेल. इराणच्या क्रांतीनंतर तेलाचे भाव चढलेले, पेट्रोल पंपांवर गाड्यांच्या रांगा, महागाई. कार्टर ऊर्जेवर भाषण करणार असं जाहीर झालेलं, आणि त्यांनी ते आयत्या वेळी रद्द केलं आणि कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अध्यक्षांच्या विश्रामस्थळी, जाऊन बसले, साधारण दहा दिवस. तिथे गव्हर्नर, खासदार, धर्मगुरू, प्राध्यापक, कामगार पुढारी, साधी माणसं अशी शंभरावर मंडळी बोलावली आणि त्यांचं ऐकून घेतलं. मग टीव्हीवर आले आणि देशाला पहिल्यांदा काय वाचून दाखवलं तर लोकांनी त्यांच्यावर केलेली टीका! दक्षिणेतल्या एका गव्हर्नरने म्हटलं होतं की मिस्टर प्रेसिडेंट, तुम्ही देशाचं नेतृत्व करत नाही आहात, नुसतं सरकार चालवताय. हे वाक्य स्वतः अध्यक्ष कोट्यवधी लोकांसमोर वाचतात. एका तरुणाचं वाक्यही वाचलं, की आमच्यातल्या काहींनी तर जन्मभर मंदीच भोगली आहे. वक्तृत्वाचा अभ्यास करणाऱ्यांनी हा भाग दोनदा ऐका, समोरच्याचा विश्वास परत मिळवायचा असेल तर आधी त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत मांडायची, ही गोष्ट इतकी उघडी क्वचित बघायला मिळते.

त्यानंतरचा भाग कडक आहे. माणसाची ओळख आता तो काय करतो यावरून नाही तर त्याच्याकडे काय आहे यावरून ठरायला लागली आहे असं ते सांगतात, आणि वस्तूंचे ढीग लावून आयुष्यातली पोकळी भरत नाही हेही. १९७९ मध्ये, पुढच्या वर्षी निवडणूक असताना! लोकांना ते आवडलंही, लोकप्रियता लगेच वर गेली, मग दोनच दिवसांनी त्यांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागवले, पाच जण गेले, आणि सरकारच डळमळतंय असं वातावरण तयार झालं. म्हणजे भाषणाने कमावलेलं कृतीने घालवलं. अशा वेळी चौथ्या रकान्यात भाषणाला दोष देऊ नका, तारखा बघून दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा.

आता याच भाषणातली एक ठोस गोष्ट शेवटपर्यंत ताडून बघू, म्हणजे पद्धत कळेल. २००० सालापर्यंत देशाची वीस टक्के ऊर्जा सूर्यापासून मिळवायची असं लक्ष्य त्यांनी या भाषणात सांगितलं. थोडं मागे जा, २० जून १९७९, व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगच्या छपरावर पाणी तापवायचे ३२ सोलर पॅनल बसवले तेव्हाचं छोटं भाषण काढा. त्यात ते म्हणतात की एका पिढीनंतर हे यंत्र एकतर कुतूहलाची वस्तू बनेल, म्युझियममधला नमुना, न घेतलेल्या वाटेचं उदाहरण, नाहीतर अमेरिकन लोकांनी हाती घेतलेल्या एका फार मोठ्या कामाचा छोटासा भाग. आता चौथा रकाना. रेगनच्या काळात, १९८६ मध्ये छपराच्या दुरुस्तीच्या वेळी पॅनल उतरवले गेले आणि परत बसवलेच नाहीत. पुढे ते मेन राज्यातल्या युनिटी कॉलेजने नेले आणि तिथल्या छपरावर लावून वापरले. त्यातला एक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे आणि एक कार्टर लायब्ररीत, म्हणजे म्युझियममधला नमुना हे शब्द अक्षरशः खरे झाले. वीस टक्क्यांचं लक्ष्य तर २००० पर्यंत जवळपाससुद्धा गाठलं गेलं नाही. पण इथे थांबू नका, २०१७ पर्यंत या. जॉर्जियातल्या प्लेन्स या सहा-सातशे वस्तीच्या गावात, कार्टरनी त्यांच्या स्वतःच्या शेतजमिनीतली दहा एकर जमीन भाड्याने दिली, तिथे १.३ मेगावॉटचा सोलर प्रकल्प उभा राहिला, गावाची निम्म्याहून जास्त विजेची गरज त्यातून भागते. उद्घाटनाला ते स्वतः हजर होते, वय ९२. राष्ट्राध्यक्ष म्हणून जे देशाला करता आलं नाही ते नागरिक म्हणून गावाला करून दिलं. निरोपाच्या भाषणातला रिकामा रकाना आठवतोय ना, त्यात पहिली नोंद ही करा.

मागे जा: १९७१ आणि १९७७

१२ जानेवारी १९७१ ला जॉर्जियाचे गव्हर्नर म्हणून शपथ घेताना केलेलं भाषण फार छोटं आहे, एका बैठकीत होतं. त्यात ते सरळ सांगतात की वर्णभेदाचा काळ संपला. ऐकणारे बरेच जण थक्क झाले, कारण आधीच्या वर्षीच्या प्रचारात याच कार्टरनी वर्णभेदवादी जॉर्ज वॉलेसच्या मतदारांना चुचकारलं होतं. हे वहीत लिहायला विसरू नका, आवडत्या माणसाचं आहे म्हणून गाळायचं नाही. पुढे १९७४ मध्ये त्यांनी जॉर्जियाच्या विधानभवनात मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र लावलं, आत समारंभ चालू आणि बाहेर कू क्लक्स क्लान या गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या संघटनेचे लोक निषेध करतायत. प्रचार, भाषण, कृती असे तीन टप्पे इथे ओळीने मिळतात, राजकारणात माणूस कसा बदलतो किंवा निवडून येईपर्यंत कसा लपतो, यातलं काय खरं ते तुम्ही ठरवा.

२० जानेवारी १९७७ चं शपथविधीचं भाषण वाचताना पहिलं वाक्य नीट बघा. माझ्या आधीच्या अध्यक्षांनी आपली भूमी सावरण्यासाठी जे केलं त्याबद्दल मी स्वतःतर्फे आणि देशातर्फे त्यांचे आभार मानतो. ज्या जेराल्ड फोर्डना नुकतंच हरवलं त्यांचे आभार, बाकी सगळ्याच्या आधी! याचा चौथा रकाना विलक्षण आहे. दोघे पुढे जिवलग मित्र झाले आणि एकमेकांच्या अंत्यविधीला बोलायचं असं ठरवून ठेवलं. २००६ च्या अखेरीस फोर्ड गेले तेव्हा कार्टर बोलले, आणि ९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये कार्टरच्या अंत्यविधीला फोर्डनी आधीच लिहून ठेवलेलं भाषण त्यांच्या मुलाने, स्टीव्ह फोर्डने वाचून दाखवलं. तिथेच कार्टरचे उपाध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांनी मरणाआधी लिहून ठेवलेलं भाषणही त्यांच्या मुलाने वाचलं, आम्ही खरं बोललो, कायदा पाळला आणि शांतता राखली हे मॉन्डेलचं प्रसिद्ध वाक्य त्यात आहे. दोन्हीचे व्हिडिओ सापडतात, १९७७ च्या भाषणानंतर लगेच लावा.

त्याच शपथविधीच्या भाषणात प्लेन्सच्या शाळेतल्या त्यांच्या बाईंचं, मिस ज्युलिया कोलमन यांचं एक वाक्य आहे: बदलत्या काळाशी जुळवून घ्यायचं पण न बदलणारी तत्त्वं धरून ठेवायची. खूण करून ठेवा, हे वाक्य पंचवीस वर्षांनी परत भेटणार आहे.

कॅम्प डेव्हिड करार, पनामा कालवा यांवर भरपूर साहित्य आहे, तुमचं तुम्हाला सापडेल. फक्त १८ सप्टेंबर १९७८ चं अमेरिकन काँग्रेससमोरचं, म्हणजे तिथल्या संसदेसमोरचं भाषण बघाच, समोर इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन बसलेत आणि कार्टर बायबलमधलं शांती करणारे धन्य हे वचन त्यांच्याकडे बघून म्हणतात.

फसलेलं भाषण आणि दिल्लीतलं भाषण एकत्र वाचा

हा माझा सगळ्यात आवडता व्यायाम आहे. ३१ डिसेंबर १९७७, तेहरान, इराणचा राजा शाह याच्या मेजवानीत कार्टर प्याला उचलून म्हणतात की शाहच्या थोर नेतृत्वामुळे इराण हे जगातल्या अशांत भागातलं स्थैर्याचं बेट आहे. दोन दिवसांनी, २ जानेवारी १९७८ ला, ते नवी दिल्लीत संसदेत बोलतात की लोकशाहीचा अनुभव हा जगण्याच्या अनुभवासारखाच असतो, सतत बदलणारा, अनंत तऱ्हांचा, कधी खळबळीचा, आणि संकटात पारखला गेल्यामुळे अधिकच मोलाचा. तोच माणूस, तोच दौरा, तोच आठवडा. आपल्याकडे आणीबाणी उठून वर्षसुद्धा झालेलं नव्हतं, मोरारजी देसाई पंतप्रधान होते, त्यामुळे संसदेतल्या त्या वाक्याला केवढं वजन आलं असेल बघा. आणि इराणमध्ये त्याच जानेवारीत निदर्शनं पेटली, साधारण वर्षभरात शाह देश सोडून गेला.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवा आणि एकच प्रश्न विचारा, बोलणारा कोणाकडे बघून बोलतोय? तेहरानमध्ये एका माणसाकडे, दिल्लीत लोकांनी निवडलेल्या सभागृहाकडे. मानवी हक्कांचं नाव घेणाऱ्या अध्यक्षाने शाहची एवढी स्तुती का केली, याचं तेल, शस्त्रं, सोव्हिएत रशियाची भीती असं सगळं कारण तिसऱ्या रकान्यात येईल, पण कारण सापडलं म्हणून ते वाक्य बरोबर होत नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरचंही तसंच, फेब्रुवारी १९८० मध्ये आर्चबिशप रोमेरो यांनी कार्टरना पत्र लिहून तिथल्या सरकारला लष्करी मदत देऊ नका म्हणून विनवलं, मदत थांबली नाही, आणि २४ मार्चला रोमेरोंची प्रार्थना चालू असताना गोळी घालून हत्या झाली. हे वाचून त्रास होतो, व्हायलाच पाहिजे, पण वगळलं तर अभ्यास खोटा होतो.

दिल्लीच्याच दौऱ्यातली अजून एक गोष्ट महाराष्ट्राशी थेट जोडलेली आहे. माइक चालू आहे हे लक्षात न येता कार्टर परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांना म्हणाले की परत गेल्यावर देसाईंना अजून एक पत्र लिहू, थंड आणि अगदी स्पष्ट. विषय होता अणुकार्यक्रमावरच्या देखरेखीचा, आणि मागे होतं आपलं तारापूर, १९६९ मध्ये सुरू झालेली अमेरिकन अणुभट्ट्यांची वीज, जिचं इंधन अमेरिकेतून यायचं. मार्च १९७८ मध्ये त्यांनी अण्वस्त्र प्रसाराविरुद्धच्या कायद्यावर सही केली आणि तारापूरच्या इंधनाचा प्रश्न वर्षानुवर्षं चिघळत राहिला. जाहीर भाषण, माइकवर चुकून आलेलं वाक्य आणि कायदा, तिन्ही एका पानावर लिहा, परराष्ट्र धोरण म्हणजे नेमकं काय ते त्या एका पानावरून कळेल.

सात मिनिटांचं भाषण

स्पर्धेच्या मुलांनी एकच भाषण मोठ्याने वाचून सराव करायचा असेल तर २५ एप्रिल १९८० च्या सकाळी सात वाजताचं घ्या. आदल्या रात्री ओलिसांना सोडवायची मोहीम इराणच्या वाळवंटात फसली होती, हेलिकॉप्टर नादुरुस्त झाली, मोहीम थांबवली, परत निघताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं आणि आठ जवान गेले. कार्टर कॅमेऱ्यासमोर बसतात आणि सांगतात की सुटकेचा प्रयत्न करायचा निर्णय माझा होता, अडचणी आल्यावर तो रद्द करायचा निर्णयही माझा होता, जबाबदारी पूर्णपणे माझी आहे. ना कोणा अधिकाऱ्याचं नाव, ना नशिबाला दोष. आवाज सपाट आहे, डोळे थकलेले. वाचताना तुम्ही नाट्य घालायला जाल तर भाषण पडेल, करून बघा, ते जसं आहे तसं सपाट वाचल्यावरच अंगावर येतं.

पद सुटल्यानंतरचा चौथा रकाना

इथून पुढे मोठी भाषणं कमी आणि काम जास्त, त्यामुळे पद्धत उलटी करा, आधी काम घ्या आणि मग त्याबद्दल ते काय बोलले ते शोधा. १९८२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रोझलिन कार्टर यांनी अटलांटात एमरी विद्यापीठाबरोबर कार्टर सेंटर काढलं. त्यातलं एक काम नीट धरा, नारूचं.

नारू म्हटलं की आपल्याकडच्या वयस्कर माणसांना लगेच कळतं, घरात आजी-आजोबा असतील तर विचारा. साचलेल्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे जलपिसू असतात, त्यांच्या पोटात नारूच्या अळ्या, ते पाणी माणूस पितो आणि साधारण वर्षभराने पायाला फोड येऊन त्यातून हातभर लांब पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर यायला लागतो. ओढला तर तुटतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, आठवडेच्या आठवडे. आग व्हायला लागली की माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि किडा तिथे अळ्या सोडतो, चक्र परत सुरू. औषध नाही, लस नाही. उपाय काय तर पाणी फडक्यातून गाळणं, नारू झालेल्याला पाण्यात उतरू न देणं आणि गावोगावी जाऊन हे पटवणं. १९८८ मध्ये घानाच्या एका गावात कार्टरना एक बाई दिसली, हातात बाळ धरलंय असं वाटलं म्हणून जवळ गेले तर ते बाळ नव्हतं, सुजलेला स्तन तिने हाताने सावरून धरला होता, त्यातून किडा बाहेर येत होता. हा प्रसंग ते पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले.

आकडे लिहा: १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण, २०२४ मध्ये १५. भारतात हे काम आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलं, महाराष्ट्रातल्या गावांतसुद्धा, पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालावा लागायचा अशा विहिरी बंद करून किंवा बदलून, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. आफ्रिकेत मात्र युद्धं आडवी येत होती, १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत कार्टरनी दोन्ही बाजूंना जवळजवळ सहा महिने बंदुका खाली ठेवायला लावल्या, कशासाठी तर आरोग्यसेवकांना गावांत पोचता यावं म्हणून. आता २० ऑगस्ट २०१५ ची पत्रकार परिषद लावा. कॅन्सर मेंदूपर्यंत गेल्याचं वयाच्या ९० व्या वर्षी स्वतः सांगतायत, आणि काय व्हावंसं वाटतं विचारल्यावर म्हणतात की माझ्या आधी शेवटचा नारू मरावा. तेवढं झालं नाही. पण निरोपाच्या भाषणातल्या नागरिक या पदवीचा अर्थ बघायचा असेल तर हा व्हिडिओ बघा.

निवडणुकांवर देखरेखीचं कामही बघा, जगभरात शंभरावर निवडणुका. यात निकाराग्वाची १९९० ची रात्र जरूर शोधा. तिथले अध्यक्ष डॅनियल ऑर्टेगा हरत होते, सत्ता सोडतील की नाही कोणालाच खात्री नव्हती, आणि कार्टर त्यांच्याकडे जाऊन सांगतात की मी निवडणूक जिंकलोही आहे आणि हरलोही आहे, हरलो तेव्हा जग संपलं असं वाटलं होतं, पण संपलं नाही. १९८० चा पराभव असा कामी आला. ऑर्टेगांनी निकाल मान्य केला.

मग १० डिसेंबर २००२ चं ऑस्लोमधलं नोबेलचं भाषण, नोबेलच्या साइटवर पूर्ण आहे. मिस ज्युलिया कोलमन यांचं ते वाक्य इथे परत येतं. तेच भाषण ज्यात ते म्हणतात की युद्ध कधी कधी अटळ वाईट असेल, पण कितीही अटळ असलं तरी ते वाईटच, चांगलं कधीच नाही, आणि एकमेकांची मुलं मारून आपण एकत्र जगायला शिकणार नाही. तारखेकडे लक्ष द्या, इराक युद्ध सुरू व्हायला तीन-साडेतीन महिने होते. १९७७ चं आणि २००२ चं भाषण एकाच दिवशी वाचा, वाक्यरचना जवळपास तीच आहे, इंजिनियरसारखी एक दोन तीन करत जाणारी, पण दुसऱ्यात बोलणारा कितीतरी मोकळा झालेला आहे.

महाराष्ट्रातला धागा

हा भाग इथे राहणाऱ्यांनीच करण्यासारखा आहे. कार्टरच्या आई, लिलियन कार्टर, पेशाने नर्स, वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअर या परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेत नाव घालून १९६६ मध्ये मुंबईत आल्या आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत राहून दवाखान्यात काम केलं, कुष्ठरोग्यांचंसुद्धा. वर्णभेदाच्या जॉर्जियातली गोरी विधवा बाई या वयात हे करते, तेव्हा तिचा मुलगा अजून गव्हर्नरही झालेला नव्हता. मुलाच्या १९७१ च्या भाषणामागे काय होतं हे शोधताना विक्रोळी वगळून चालणार नाही. त्यांनी तिथून घरी लिहिलेली पत्रं पुढे छापली गेली आहेत, मिळाली तर भाषणांच्या आधी तीच वाचा.

आणि २००६ मध्ये, ८२ वर्षांचे कार्टर आणि रोझलिन लोणावळ्याजवळ मळवलीच्या पाटण गावात आले होते, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंना घरं बांधून देणाऱ्या संस्थेबरोबर घरं बांधायला, हातात हातोडी घेऊन, ज्यांना घर मिळणार त्या कुटुंबांच्या बरोबरीने. शंभर घरांचा तो प्रकल्प होता. पुण्याच्या लोकांना हे लोकलच्या अंतरावर आहे, मुंबईकरांनाही फार लांब नाही.

तर शेवटचं काम असं करा. जवळच्या जुन्या वाचनालयात जा, पुण्या-मुंबईत अशी वाचनालयं आहेत जिथे मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली ठेवलेल्या आहेत. तिथे दोन तारखांच्या आसपासचे अंक मागा, जानेवारी १९७८ चा पहिला आठवडा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २००६. संसदेतल्या भाषणातलं कुठलं वाक्य मराठी संपादकांनी मथळ्यात घेतलं, तारापूरबद्दल अग्रलेखात काय लिहिलं, पाटणच्या बातमीत घरवाल्यांची नावं आली की फक्त पाहुण्यांची, हे टिपून घ्या. जमलं तर पाटणला जाऊन तिथल्या लोकांशी बोला, घरं कशी टिकली आहेत, गळतात का, वाढवली का, कोण विकून गेलं, कोण अजून राहतंय. आदल्या दिवशी फोन करून, ओळखीच्या माणसाबरोबर जा आणि कोणाच्या घराचे फोटो न विचारता काढू नका. जे कळेल ते चौथ्या रकान्यात तारीख घालून लिहा.